परवाना सोळा वर्षे पर्समध्ये, गाडी मात्र आता: गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक?

कृष्णाकाठ:

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझे वय 43 असून मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. 2009 साली मी चारचाकीचा परवाना काढला आणि त्यानंतर आजपर्यंत एकदाही एकटीने गाडी चालवलेली नाही. घरात गाडीच नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की परवाना हातात पडला त्या दिवशीही मला गाडी चालवता येत नव्हती आणि हे मला मनातून पक्के ठाऊक होते. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी क्लच आणि ब्रेकचे दुसरे पॅडल होते. त्या पंधरा दिवसांत आमची गाडी एकदाही बंद पडली नाही, याचे श्रेय माझ्या डाव्या पायाचे नसून त्या दुसऱ्या पॅडलचे होते, असे आता वाटते.

आता गाडी घेणे भाग आहे. महाविद्यालय घरापासून नऊ किलोमीटरवर आहे आणि वेळेवर एसटी मिळत नाही. माहेर चिपळूणला असून तिथे आई एकटी असते, त्यामुळे महिन्यातून निदान एकदा कुंभार्ली घाट उतरून जावे लागते. यजमानांना गाडी चालवायची हौस नाही आणि ती यापुढे निर्माण होईल अशी चिन्हेही नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलगा चौदा वर्षांचा आहे. महिन्याला साधारण साडेसहाशे किलोमीटर चालणे होईल आणि सर्व खर्च धरून नऊ लाखांच्या वर जाण्याची आमची तयारी नाही.

मी वॅगन आर, स्विफ्ट, एक्स्टर आणि पंच या चार गाड्या पाहिल्या. शोरूममधल्या मुलाने मला पाहताक्षणी ‘मॅडम, तुम्ही एएमटीच घ्या, क्लचची कटकटच नाही’ असे सांगितले. एएमटी म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी गाडी. त्याचा हेतू चांगलाच असेल. तरीही मला किंचित राग आला, कारण त्याने माझ्याबरोबर आलेल्या यजमानांना तसे सुचवले नव्हते. मात्र राग बाजूला ठेवून विचार केला, तर त्याचे बरोबरही असू शकेल. म्हणून विचारते: घाटाचा रस्ता आणि माझी परिस्थिती पाहता गिअरची गाडी शिकण्याचा आग्रह धरावा, की एएमटी घेऊन मोकळे व्हावे? आणि शिकायचेच असेल, तर ते नव्या गाडीवर शिकावे की दुसऱ्या कोणाच्या?


लालपरी:

ताई, मी एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. या तीस वर्षांत हातून किती क्लच प्लेटा बदलल्या त्याची मोजदाद नाही, त्यामुळे या विषयावर थोडे लांबण लावले तर सांभाळून घ्यावे.

प्रथम तुमच्या ट्रेनिंग स्कूलविषयी. शिकवण्याच्या गाडीला दुहेरी पॅडल असणे कायद्यानेच आवश्यक आहे, त्यामुळे पॅडलांचा दोष नाही. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणासाठी किमान 21 दिवसांचा काळ आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितलेले आहेत. पंधरा दिवस, रोज अर्धा तास आणि त्या अर्ध्या तासात गाडीत आणखी तीन विद्यार्थी, असा हिशेब तुमच्या बाबतीत झाला असेल, तर तुमच्या वाट्याला दोन तास तरी आले का, ते तुम्हीच ताडून पाहा. तुम्ही शिकण्यात कच्च्या नव्हता. तुम्हाला शिकवलेच गेले नव्हते.

आता क्लच म्हणजे काय ते सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पायाला काय करायचे ते कळत नाही. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते आणि ते इंजिन चालू असेपर्यंत फिरतच असते. त्याच्यासमोर क्लच प्लेट असते, जी गिअरबॉक्समार्फत चाकांना जोडलेली असते. मागून प्रेशर प्लेट या क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते. तुम्ही पॅडल दाबता तेव्हा तो दाब निघतो आणि इंजिन व चाके एकमेकांपासून सुटी होतात. पॅडल सोडू लागता तेव्हा एका ठिकाणी प्लेट फ्लायव्हीलला घासू लागते आणि पकड घेते. त्या ठिकाणाला आपण हाफ क्लच म्हणतो. उभी गाडी आणि फिरते इंजिन यांची ओळख करून देण्याचे काम तिथे होते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी. इंजिन रिकामे फिरताना मिनिटाला साधारण आठशे फेरे घेते. पहिल्या गिअरमध्ये, तुम्ही पाहिलेल्या आकाराच्या गाडीत, या आठशे फेऱ्यांना गाडीचा वेग ताशी सहा-सात किलोमीटर पडतो. म्हणजे गाडी शून्यावरून सहा-सातवर आणणे, एवढ्याच पट्ट्यात हाफ क्लचची खरी गरज आहे. त्यापुढे पाय पॅडलवरून पूर्ण काढून शेजारी ठेवायचा. नवशिका माणूस वीसच्या वेगातही पाय अर्धवट ठेवून बसतो आणि प्लेट जाळतो. कुंभार्ली चढताना एखाद्या गाडीतून जळक्या रबरासारखा वास येतो ना, तो बहुतेक वेळा तिथूनच येतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: गाडी इतक्यात घेऊ नका. आधी एखाद्या जुन्या गाडीवर, शेजारी माणूस असला तरी त्याच्या पायाशी पॅडल नसेल अशा गाडीवर, महिनाभर शिका. मग गिअरची घ्यायची की एएमटी, हे तुमचे तुम्हालाच कळेल. शोरूममधला मुलगा काय म्हणाला आणि मी काय म्हणतो, दोन्ही बाजूला राहील.


ऐरोली_ते_ठाणे:

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यातून एएमटी ही कमकुवतांची गाडी आहे असा ग्रह होऊ नये. मी सहा वर्षे एएमटी चालवत आहे आणि त्याआधी अकरा वर्षे गिअरची चालवत होतो. रोज सव्वा तास, पहिला आणि दुसरा, पहिला आणि दुसरा, असे करून माझा डावा गुडघा दुखू लागला, तेव्हा मी ती सोडली आणि मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही.

मात्र शोरूममध्ये जे सांगत नाहीत ते सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे ऑटोमॅटिक या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी यांची रचना मुळातच वेगळी असते, त्या सफाईने चालतात आणि तुमच्या नऊ लाखांत सहसा बसत नाहीत. एएमटी म्हणजे तोच साधा गिअरबॉक्स आणि तीच क्लच प्लेट. फक्त पॅडल दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम एक यंत्र करते. 2014 साली सेलेरिओमधून ही पद्धत आपल्याकडे आली आणि स्वस्त असल्यामुळे पसरली. गिअर बदलताना गाडी क्षणभर थबकते आणि बसलेल्यांची मान हलते. हा बिघाड नाही. तुम्ही क्लच दाबून गिअर बदलताना जेवढा वेळ जातो, तेवढाच यंत्रालाही लागतो. फक्त तो क्षण कधी येणार हे तुम्हाला आधी माहीत नसते.

याचा परिणाम चढावर दिसतो. गाडी घेतल्यानंतर पहिल्याच महिन्यात एका मॉलच्या तळघरातून वर येताना रांगेत थांबलो, ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी मागे येऊ लागली. ऑटोमॅटिक गाडी मागे येणार नाही, अशी माझी समजूत होती. आत क्लच प्लेटच असल्यामुळे तिने पकड घेईपर्यंत गाडी मागे येणारच, हे मला त्या दिवशी मागच्या गाडीच्या हॉर्नने शिकवले. ज्या गाडीत हिल होल्ड आहे, तिथे ब्रेक सोडल्यावरही ती दोन-तीन सेकंद धरून ठेवली जाते आणि ही अडचण राहत नाही. 2024 च्या नव्या स्विफ्टमध्ये हिल होल्ड सर्व प्रकारांत दिलेले आहे. इतर गाड्यांमध्ये ते कोणत्या प्रकारापासून मिळते, हे माहितीपत्रकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. दुसरे असे, की चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी उभी तोलून धरण्याची सवय लोकांना लागते. एएमटीमध्ये तसे केले, की ती आतल्या आत हाफ क्लचवरच उभी असते आणि प्लेट तापते.

घाट उतरतानाही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एएमटी आपल्या हिशेबाने वरचा गिअर टाकते आणि इंजिनामुळे गाडीच्या वेगाला बसणारा अडसर सुटतो. तेव्हा दांडा मॅन्युअल बाजूला घेऊन दुसऱ्यावर धरून ठेवावा लागतो. म्हणजे एएमटी घेतली तरी दुसरा गिअर कशासाठी असतो, हे माहीत असावेच लागते. डाव्या पायाचे श्रम वाचतात. डोक्याचे वाचत नाहीत.

तरीही तुमच्या रोजच्या प्रवासात वाहतूक कोंडी असती, तर मी एएमटीचाच आग्रह धरला असता. नऊ किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यासाठी तो धरवत नाही.


हिशेबनीस:

यांत्रिक बाजूवर जाणकारांनी लिहिले आहेच, म्हणून मी पैशांपुरते लिहितो.

22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. पूर्वी तो 28 टक्के अधिक एक टक्का उपकर असा होता. तुम्ही पाहिलेल्या चारही गाड्या या मर्यादेत बसतात, म्हणून ओळखीतल्या कोणी वर्षभरापूर्वी सांगितलेल्या किमती विसरून नव्याने कोटेशन मागावे. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला 11 टक्के एकरकमी वाहनकर लागतो. विम्यात नव्या गाडीला तृतीय पक्षाचा तीन वर्षांचा विमा सक्तीचा आहे. परंतु विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचे दरपत्रक घेऊन गेलात, तर तिथला आकडा बहुधा आपोआप खाली येतो. ‘हँडलिंग’ आणि ‘ॲक्सेसरीज पॅक’ या दोन ओळी कोटेशनमध्ये दिसल्या, तर त्या कशासाठी आहेत ते लेखी विचारावे.

सीएनजीचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही, तो योग्यच आहे. महिन्याला साडेसहाशे किलोमीटर म्हणजे पेट्रोलचा खर्च चार हजारांच्या आसपास. सीएनजीने त्यातले पंधराशे-सोळाशे वाचतील, आणि गाडीला सुरुवातीला नव्वद हजारांच्या घरात जास्त मोजावे लागतील. म्हणजे साडेचार-पाच वर्षे केवळ वसुलीतच जातील. इलेक्ट्रिक गाडीला गिअर नसतात आणि घाट उतरताना तिची बॅटरी थोडी भरतेसुद्धा. परंतु घरच्या जागेत चार्जिंगची सोय नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. एकाच गाडीच्या गिअरच्या आणि एएमटी प्रकारांत साधारण पन्नास-साठ हजारांचे अंतर असते. बहुतेक वेळा तेवढ्याच पैशांत गिअरच्या गाडीचा एक वरचा प्रकार मिळतो. त्यात चालकाची सीट वर-खाली करता येते, मागच्या काचेला वायपर आणि वाफ घालवणाऱ्या तारा असतात. पावसाळ्यात घाटाआधीच्या हेळवाकच्या पुढे ढग रस्त्यावर उतरतात, त्या वेळी मागची काच स्वच्छ असणे ही चैन राहत नाही. तुमची उंची फार नसेल, तर सीट वर घेता येणे हे क्लच शिकण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. जिला बॉनेटची कड दिसत नाही, ती मान उंचावून बसते. मान उंचावली की पाठ सीटपासून सुटते आणि पाठ सुटली की पॅडल पूर्ण खाली जात नाही. पाठ टेकलेली ठेवून क्लच तळाशी गेल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, ही कसोटी शोरूममध्ये उभ्या गाडीतच घ्यावी.

आणि सासूबाईंना बरोबर न्यावे. मागच्या सीटवर बसून उतरायला सांगावे, एकदा नव्हे, तीनदा. स्विफ्टमध्ये खाली बसावे लागते, गुडघेदुखीच्या माणसाला ते जड जाते. वॅगन आरमध्ये खुर्चीत बसल्यासारखे बसता येते, पण 2023 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-चाचणीत पाचपैकी तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला होता. त्यानंतर तिच्यात सहा एअरबॅग आल्या आहेत, हेही सांगायला हवे. पंचला 2021 मध्ये पाच तारे मिळाले, तिची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात आणि जमिनीपासूनची उंची 187 मिलिमीटर आहे. एक्स्टरही त्याच उंचीच्या आसपास आहे आणि तिच्यात सहा एअरबॅग सुरुवातीपासून सर्व प्रकारांत आहेत. निवड माझ्या मते या दोघींतच आहे.


आंबाघाट:

ताई, मी एक्कावन्नाव्या वर्षी गिअरची गाडी शिकले, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवले नाही.

मी जसे शिकले तसे सांगते. पहिले तीन दिवस मी ॲक्सिलरेटरला पायच लावला नाही. सपाट मैदानावर गाडी चालू करायची, पहिला गिअर टाकायचा, उजवा पाय जमिनीवर टेकून ठेवायचा आणि क्लच इतका सावकाश सोडायचा, की गाडी आपणहून चालू लागेल. हल्लीच्या गाड्यांत इंजिनावर भार आला की संगणक इंधन थोडे वाढवून ते बंद पडू देत नाही, त्यामुळे हे सहज जमते. चालू लागली, की पुन्हा क्लच दाबून ब्रेक लावायचा आणि पुन्हा तेच. दिवसाला पन्नास वेळा. पहिल्या दिवशी ती एकोणीस वेळा बंद पडली. मी काटेकोरपणे मोजत होते, कारण शेजारी बसलेला माझा भाऊही मोजत होता. तिसऱ्या दिवशी पायाला ती जागा आपोआप सापडू लागली. पातळ तळव्याची चप्पल वापरत होते, मागे पट्टा असलेली. सुटी चप्पल पॅडलखाली अडकते आणि जाड तळव्यातून काही समजत नाही.

चढावर थांबून निघणे हा वेगळा धडा आहे आणि त्याला घाबरूनच बायका एएमटीकडे वळतात, असे माझे निरीक्षण आहे. (पुरुषही घाबरतात, पण ते सांगत नाहीत.) हँडब्रेक पूर्ण ओढायचा, मग पहिला गिअर टाकून थोडी रेस द्यायची आणि क्लच सोडत आणायचा. इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटते. तिथे पाय थांबवायचा, हँडब्रेक सोडायचा आणि मग उरलेला क्लच. घाई फक्त एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे मागच्या हॉर्नची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकणे हा अर्धा अभ्यासक्रम आहे. सरावासाठी मी नदीच्या बंधाऱ्यावर जाणारा एक उतार निवडला होता. भाऊ मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर पुठ्ठ्याचे रिकामे खोके ठेवत असे. गाडी मागे आली, तर खोके चेपत असे. आठवडाभरात पाच खोकी गेली, सहावे अजून आमच्या माळ्यावर आहे.

नव्या गाडीवर शिकू नका, असे वर सांगितले आहे, त्याला माझे अनुमोदन. नव्या गाडीत सारे लक्ष ओरखड्याकडे असते आणि पायाकडे राहत नाही.


कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

माझ्या एका सहकाऱ्याकडे 2011 सालची एक हॅचबॅक आहे आणि ते रविवारी सकाळी शिकवायला तयार झाले आहेत. मी सध्या शोरूमचे फोन घेणे थांबवले आहे. एक शंका मात्र उरते: गळीत हंगाम सुरू आहे आणि पाटणच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर संथपणे चालतात. त्यांच्यामागे चढावर अडकल्यास कोणत्या गिअरमध्ये राहावे?


लालपरी:

जो गिअर इंजिनाला कुथायला लावत नाही, त्या गिअरमध्ये. ट्रॅक्टर ताशी बारा-पंधराने चालला असेल, तर पहिला किंवा दुसरा. आणि अंतर मुळातच एवढे ठेवायचे, की तो थांबला तरी तुम्हाला लगेच थांबावे लागणार नाही. पुढच्याने चार वेळा थांबून-निघून घेतले, तर तुम्ही एकदाच थांबावे. अंतर ठेवणे ही क्लच वाचवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे धरून चालू नका. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला सुरुवातीचे सहा महिने जाऊ नका.

उतरताना दुसरा गिअर, घाटाच्या पायथ्याची पोफळी येईपर्यंत. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे आमचे जुने ड्रायव्हर सांगत. पेट्रोल वाचते म्हणून न्यूट्रल करून उतरणारे महाभाग अजून आहेत. आताच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून उतरताना पेट्रोल जवळजवळ जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जाते. म्हणजे बचतही नाही आणि सारा भार ब्रेकवर. ब्रेक तापून मऊ पडले, की पाय कितीही जोराने दाबा, काही उपयोग होत नाही. आणि रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. तो शिष्टाचारही आहे आणि नियमही.


कृष्णाकाठ:

नऊ आठवड्यांनंतर लिहीत आहे.

सहकाऱ्यांच्या गाडीवर आठ रविवार आणि मधले काही दिवस मिळून मी तेवीस तास गाडी चालवली. दहा तासांच्या नियमाचे आठवल्यामुळे वहीत नोंद ठेवली होती. पहिल्या दिवशी ती चौदा वेळा बंद पडली. सोळा वर्षे ज्याची भीती वाटत होती, ती गोष्ट चौदा वेळा घडली आणि प्रत्येक वेळी किल्ली फिरवून पुढे जाता आले. मला क्लचची भीती नव्हतीच, असे त्या दिवशी ध्यानात आले. माझ्या पायाखालचा क्लच खरोखर माझ्या ताब्यात आहे का, याचीच खात्री मला कधी झाली नव्हती.

गाडी गिअरची घेतली, पंच, मधल्या प्रकारातली. चालकाची सीट वर घेता येते याची खात्री करून घेतली, कारण माझी उंची पाच फूट एक इंच आहे. निर्णय शेवटी सासूबाईंनी केला. त्या दोन्ही गाड्यांत तीनदा बसल्या आणि उतरल्या आणि मग ‘हिच्यात बाई गुडघा बोलत नाही’ एवढेच म्हणाल्या. विमा बाहेरून घेतला. शोरूममधला मुलगा तोच होता. त्याने यजमानांच्या हातात किल्ली देऊ केली आणि त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

मागच्या शनिवारी सकाळी सहाला निघून चिपळूणला गेलो. उतरताना दुसरा गिअर, पोफळीपर्यंत, ब्रेक जेमतेम दहा-बारा वेळा. येताना मात्र घाटात एका वळणावर ट्रक बंद पडला होता आणि पुढे एसटी, मागे जीप, अशा अवस्थेत मी चढावर तीन वेळा थांबले. पहिल्या दोन वेळा हँडब्रेकवर निघाले. तिसऱ्या वेळी घाईत हँडब्रेक आधी सोडला गेला आणि गाडी मागे आली, साधारण हातभर. जीपवाल्याने हॉर्न वाजवला नाही, उलट स्वतःची गाडी थोडी मागे घेतली. त्यानंतर चढ संपेपर्यंत मुलगा मागच्या काचेतून पाहत मला अंतर सांगत होता.

हेळवाकला चहासाठी थांबलो तेव्हा बॉनेटजवळ जाऊन वास घेऊन पाहिला. थोडासा येत होता.


लालपरी:

थोडासा चालेल. चहा संपेपर्यंत गेला होता का, तेवढे कळवा.


कृष्णाकाठ:

दुसरा कप घ्यावा लागला, पण गेला.